मामा थांबतील

बर्फखाना,
ता. ६ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले आणि उत्तराला आज हात लागतोय. कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. वर्षअखेरीच्या तीन पार्ट्या सलग झाल्या आणि तिन्ही तुझ्या जावयाने तिकीट लावून भरवलेल्या, म्हणजे आपल्या धमालरावांच्या. (हे नाव मी पाडलंय हे चिमीला सांगू नकोस. नवऱ्याला नावं ठेवली की तुझी लेक मामाशी आठ आठ दिवस बोलत नाही.) माणसं किती आली असतील? दारावर मोजली ती अठराशे, आणि मागच्या भिंतीवरून चढून आलेली वेगळी. वडिलांनी बर्फाच्या कारखान्यासाठी या भिंती दीड हात जाडीच्या बांधल्या, म्हणून शेजाऱ्यांना आवाज जात नाही, एवढंच आपलं नशीब. बर्फ बंद होऊन सभागृह झालं त्याला सव्वीस वर्षं झाली, तरी गाव अजून बर्फखानाच म्हणतं. आता पाटी बदलायचा नादही मी सोडलाय.

चौथ्या दिवशी सकाळी झाडलोटीची मावशी आणि तिच्या दोघी सोबतिणी पत्र्याच्या तुकड्यांनी फरशीवरचं च्युइंगम खरवडत बसल्या होत्या. मावशी म्हणाली, साहेब, ही माणसं नाचायला येतात की चघळायला? जोड हरवलेले एकतीस एकटे बूट सापडले. एकच बूट घालून घरी जाणारा माणूस घरच्यांना काय सांगत असेल, याचा विचार करत मी ते पोत्यात भरले.

बिलाचं म्हणशील तर ऑक्टोबरपासूनची चार बिलं राहिली आहेत. दुसऱ्या कुणाला मी अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय किल्ली देत नाही, पण जावयाकडे आगाऊ मागायचं कसं? अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ते हेच. शुक्रवारी देतो म्हणालेत. कुठला शुक्रवार ते मी विचारलं नाही. चिमी काही बोलली तर सहज कानावर घाल. मुद्दाम विचारू नकोस.

लोक मला म्हणतात, बहिणीला पत्रं काय लिहिता, फोन करा की. जिनं तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत गावभराच्या गप्पा जोडून दिल्या, तिलाच आता फोनवर ऐकू येत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

गुडघ्याला शेक देत जा. लोभ आहेच, अधूनमधून टपालानेही येऊ दे.

तुझा
धाकटा


ता. १४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एकसष्टाव्या वर्षी ‘चि.’ म्हणवून घ्यायची लाज वाटत असेल तर वाटू दे. मी आहे तोवर तुला बढती नाही.

गुडघा बरा आहे म्हणजे दुखतो, पण सवय झाली. डॉक्टर म्हणाले, जिने चढू नका. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर राहते, मग उडू का? वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी कुत्रं पाळलंय. ते दिवसभर भुंकतं अशी सगळ्यांची तक्रार आहे. इमारतीत मी एकटीच त्याच्याशी प्रेमाने वागते, कारण मला त्याचा काही त्रासच नाही.

तुझ्या बिलांचं कळलं. जावयाला तगादा लावू नकोस रे. चिमी मागच्या रविवारी येऊन गेली. उन्हाळ्यात नदीकाठच्या मैदानावर तीन दिवसांचं काहीतरी फार मोठं ठरलंय, बाहेरचे गायक येणार आहेत, तिकिटं आत्ताच अर्धी खपली म्हणे. ते एकदा पार पडलं की सगळ्यांचं सगळं फिटेल असं म्हणत होती. जरा वाळली आहे. दातांच्या कवळ्या बनवायच्या त्या कामावर हल्ली दोन पाळ्या करते. मी विचारलं, नवऱ्याचं एवढं चाललंय तर तुला दोन पाळ्या कशाला? तर म्हणाली, हाताला सवय राहावी म्हणून. मला ते उत्तर आवडलं नाही, पण तिच्यापुढे मी किती ताणणार?

तुझे पैसे काही पळून चाललेले नाहीत. घरातल्या घरातच आहेत. तू वेळेवर जेव. लग्न त्या इमारतीशी लागलंय तुझं, आणि ती काही तुला ताट वाढणार नाही.

माया आहे तशीच आहे, आटलेली नाही.

अक्का


बर्फखाना,
ता. २ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळचं वर्तमानपत्र तुझ्याकडेही आलं असेल. धमालरावांच्या कंपनीचं दिवाळं निघालं. बातमी आतल्या पानावर बोटभर होती. मी ती तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

तसाच उठून त्यांच्या कचेरीवर गेलो. शटर खाली, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद, आणि पुढे फुटपाथवर आम्ही सगळे. जनरेटरवाला होता, दिवेवाला होता, फिरत्या शौचालयांच्या गाड्या पुरवणारा होता. सहा वर्षं आम्ही एकमेकांना रात्री-अपरात्री धावपळीतच बघत आलो. उजेडात तोंडं नीट पाहिली ती काल. शौचालयवाला केवढा म्हातारा आहे! तिकिटं काढलेली कॉलेजची पोरंही आली होती. त्यांतली एक मुलगी मला विचारायला लागली की पैसे परत कुठल्या खिडकीवर मिळतील. खिडकी कसली दाखवू तिला?

त्यांचा फोन बंद आहे. चिमीचाही. घराला कुलूप. अक्का, पैशांचं नंतर बघू, आधी मला पोरीची खबर हवी. तुझ्याकडे आली असेल तर एका ओळीचं पत्र टाक. अजून आली नसेल तर तूच काहीतरी कर, मला सुचत नाही.

माझं किती अडकलंय ते तुला कळायलाच हवं, म्हणून सांगतो. सहा बिलं झाली आहेत आता. बर्फखान्याचं वर्षभराचं वीजबिल, मावशीचा आणि वायरमनचा पगार, आणि छपराच्या डागडुजीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते, एवढं सगळं त्यातून भागलं असतं. वायरमनला जानेवारीचा पगार अजून दिलेला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, घाई नाही.

पत्राची वाट पाहतो.

धाकटा


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चिमी माझ्याजवळ आहे. सुखरूप आहे. काळजी करू नकोस. बोलत फारसं नाही, जेवते आणि झोपते. कामावर पंधरा दिवसांची रजा टाकली आहे.

जावयाचं मला विचारू नकोस. मला काही माहीत असो की नसो, तू विचारू नकोस एवढंच म्हणते.

तू जेवतोस ना? वायरमनला माझा नमस्कार सांग. थंडी अजून गेलेली नाही, त्या दगडी कचेरीत पायात मोजे घालून बस.

आशीर्वाद आहेतच.

अक्का


बर्फखाना,
ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चिमी सुखरूप आहे हे वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा धड जेवलो. बाकीचं पत्र मात्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडतोय.

इथे काय चाललंय ते ऐक. रोज कुणी ना कुणी बर्फखान्याच्या दारात उभं असतं. बायकोचा मामा म्हटल्यावर मला ठाऊक असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललंय. जनरेटरवाल्याने परवा भर चौकात मला थांबवलं आणि चार माणसांदेखत म्हणाला, तुमचे पैसे तुम्ही मागच्या दाराने काढून घेतले असतील, बुडालो ते आम्ही परके. त्याने एक जनरेटर विकलाय, दुसऱ्याचं गिऱ्हाईक शोधतोय. मी त्याला म्हणालो की मला एक पैसा मिळालेला नाही. तो हसला. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मावशीला मी घरी बसायला सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना म्हणून किल्ल्यांच्या फळीकडे बघून सांगितलं. ती म्हणाली, बरं. जाताना नेहमीसारखी बादली पालथी घालून गेली.

आणि आता तुला विचारू नकोस म्हणालीस तेच विचारतो. पत्र तुझ्या हातचं आहे, पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा नाही. चिमीच्याही नाही. तो शेपटीवाला ‘र’ मी चार चेकांवर पाहिलाय, त्यांतले दोन परत आले होते. अक्का, जावई तुझ्या घरात आहे का?

मी पोलिसाला घेऊन येणार नाही. नुसतं सांग. इथे माणसं मला खोटारडा म्हणतात तेव्हा मी खोटा आहे की नाही, एवढं तरी मला कळू दे.

तुझा
धाकटा


ता. २४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हो. माझ्या घरात आहे.

चार दिवस कागद पुढे घेऊन बसले, तो हो लिहायला. आता लिहिलाच आहे तर सगळंच लिहिते.

जानेवारीच्या एकोणतीस तारखेला दुपारी दार उघडलं तर हा उभा. हातात एक पिशवी, अंगात भारी कोट, आणि तोंडावर असा भाव की जणू चुकीच्या घराची घंटा वाजवली. मला म्हणाला, आई, दोन दिवस राहू का? दोन दिवसांनी चिमी आली. तेव्हापासून तो मागच्या खोलीत आणि चिमी माझ्या खोलीत. दोघं एका टेबलावर जेवतात आणि मीठ हवं असलं तर माझ्याकडे मागतात.

बाहेर पडत नाही. कामं मात्र करतो. नळांच्या चकत्या बदलल्या, कपाटाची बिजागरी बसवली, भांडी रोज घासतो. हजारोंची गर्दी जमवणारा माणूस माझे चार पेले पुसून पुसून ओळीत लावत बसतो, ते बघून मला राग येतो आणि मग रागाचीच लाज वाटते. त्या दिवशी तुला पत्र लिहून मी टपालाचं तिकीट शोधायला उठले. पाकीट तेवढं त्याने लिहिलं. पाकीट कोण बघतं, असं वाटलं. तू बघतोस हे विसरले.

दुसरी गोष्ट आणखी जड आहे. नोव्हेंबरात माझी निवृत्तीची ठेव मी मोडली आणि त्याला दिली. चिमी मागायला आली होती. लेक मागते म्हणून दिली, जावई बोलला असता तर कदाचित दिली नसती. तुला कळवलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि ते बरोबर असतं. आता पेन्शन येते तेवढंच. माझं नाव घेणेकऱ्यांच्या कुठल्याही यादीत घालायचं नाही अशी मी त्याला शपथ घातली आहे. तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढी अक्कल नव्हती, हे चार लोकांत कशाला वाचून दाखवायचं?

आणि तिसरी. ही सांगू नये असं चिमीचं म्हणणं आहे, पण तुझ्यापासून लपवायचं आता बंद केलंय. मी त्याला विचारलं की डिसेंबरात हातात पैसे होते तेव्हा धाकट्याचं एकही बिल का भागवलं नाहीस. हातातला पेला त्याने पुसून ओळीत ठेवला. मग म्हणाला की गायकाला आगाऊ द्यायचे होते, छापखान्याला द्यायचे होते, आणि ते कुणी थांबणार नव्हते. मामा थांबतील, असं वाटलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते. पण घे. मलाही वाटलं.

अक्का


बर्फखाना,
ता. १ मार्च

अक्का,

तुझं पत्र पोचलं.

मामा थांबले. वडील गेल्यावर तू बर्फखान्यावरचा हक्क सोडलास, वकिलासमोर सही केलीस आणि बाहेर आल्यावर म्हणालीस की आता हे नीट चालव. ते चालवायला मी आजवर थांबलो. लग्नाचं राहिलं, त्यालाही थांबलो. आता थांबण्याचा कंटाळा आलाय.

कोर्टाने या दिवाळ्याचा हिशेब बघायला एक बाई नेमल्या आहेत. अवसायक म्हणतात त्यांना. त्यांच्याकडून मला छापील अर्ज आला. किती येणं आहे, कधीपासून, वगैरे. शेवटून तिसरा रकाना असा आहे की कंपनीच्या मालकाचा सध्याचा ठावठिकाणा आपणास माहीत आहे काय. तो मी कोरा ठेवला आणि खाली सही केली. एकसष्ट वर्षांत कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. कोरं ठेवणं म्हणजे खोटं नव्हे, अशी समजूत घालून बघितली. पटली नाही.

मी पुन्हा सही करणार नाही, हे त्याला सांग. पुढचा कागद येईल तेव्हा तुझा पत्ता लिहीन.

काही दिवस पत्र पाठवू नकोस.

धाकटा


ता. ६ मार्च

ती. मामांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

आईंनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. टेबलावर ठेवून त्या आत गेल्या.

तुम्हाला दुसऱ्यांदा सही करायची वेळ येणार नाही. काल सकाळी बसने अवसायक बाईंच्या कचेरीत जाऊन आलो. सगळ्या वह्या, चेकबुकं, करार त्यांच्या ताब्यात दिले. त्यांना वाटलं होतं मी परदेशात आहे. मी म्हटलं, नाही, सासूबाईंकडे. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

मी पळून जायचं ठरवलं नव्हतं. कचेरीत जायला निघालो आणि बस उलट्या बाजूची घेतली, एवढंच झालं. मग रोज उद्या जाऊ असं म्हणत पाच आठवडे गेले. पार्टी भरवताना मला कधी भीती वाटली नाही. एकीचं नुकसान दुसरीच्या तिकिटांतून भरायचं, दुसरीचं तिसरीतून. हे किती दिवस चालेल, हे मी स्वतःला विचारलं नाही, आणि दुसरं कुणी विचारलं तर विषय बदलत असे. तुम्ही कधी विचारलं नाहीत. म्हणून तुमच्याकडे यायला मला सगळ्यांत बरं वाटायचं आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त तुमचं बुडवलं.

‘मामा थांबतील’ असं मी म्हणालो, हे खरं आहे. त्यावर काही सारवासारव करत नाही.

वीस तारखेला सगळ्या घेणेकऱ्यांची बैठक आहे. मी येणार आहे. तुम्ही माझ्याशी बोलावं अशी अपेक्षा नाही.

आपला
चिमीचा नवरा


बर्फखाना,
ता. २३ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाठवू नकोस म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस. उभ्या आयुष्यात माझं एवढं एक ऐकलंस, तेही नको तेव्हा. असो. राग पूर्ण गेलेला नाही, पण आता त्याला वाहून न्यायचंही त्राण राहिलेलं नाही. बैठकीचं तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

पंधरा तारखेला अवसायक बाईंचा माणूस आला. म्हणाला, घेणेकरी एकशे बारा निघाले, आमच्या खोलीत वीस खुर्च्या, जवळपास एखादं सभागृह भाड्याने मिळेल का? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. गावात एवढं मोठं सभागृह एकच आहे. भाडं किती म्हणाला, मी सांगितलं, त्याने तिथल्या तिथे चेक फाडून दिला. दिवाळ्याच्या कामाचा खर्च सगळ्यांच्या आधी निघतो म्हणे, तसा कायदाच आहे. सहा वर्षांत धमालरावांच्या कंपनीकडून मला पूर्ण रक्कम आगाऊ मिळाली ती ही एकदाच. वायरमनला सांगितलं तर तो एवढा हसला की शिडीवरून उतरून बसला. त्या चेकातून त्याचा जानेवारी भागवला.

खुर्च्या आम्ही दोघांनीच लावल्या. मावशीला बोलावलं नव्हतं, कारण तिला देण्यासारखं काही नव्हतं. तरी आली. बादली सुलटी केली आणि कामाला लागली. मी काही म्हणायच्या आत म्हणाली की माणसं आपल्या दारात पैशांसाठी रडायला येणार, फरशी तरी स्वच्छ हवी.

दहाला बैठक. पावणेदहाला तुझा जावई आला, एकटा, पायी. तो कोट नव्हता अंगात. मी दारातच होतो. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसला. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

सुरुवातीला फार गोंधळ झाला. शौचालयवाला म्हातारा उठून म्हणाला की तुमची घाण मी सहा वर्षं उचलली, आता तुम्ही माझी उचला. लोक हसले, तो रडायला लागला. दिवेवाला काहीतरी फेकायच्या बेतात होता, पण फेकायला खुर्चीच होती आणि ती माझी म्हणून थांबला असावा. मग बाईंनी यादी वाचायला घेतली, तर जावई उठून म्हणाला, मी वाचू का? त्यांनी कागद दिले.

अक्का, तो व्यासपीठावर चढला तेव्हा मला आधी संतापच आला. इथेही माईक हवाच का तुला, असं वाटलं. पण त्याने माईक घेतला नाही. तसाच वाचत राहिला. नाव, काम काय केलं, किती येणं. नाव घेतलं की त्या माणसाकडे बघायचा, तो माणूस हात वर करेपर्यंत थांबायचा, मग पुढचं. तिकिटवाल्यांचं एकच एकत्र नाव होतं, तर मागे उभ्या पोरांकडे बघून त्याने त्यांचा आकडाही सांगितला. सव्वा तास लागला. अर्ध्या तासानंतर कुणी ओरडत नव्हतं. मला वाटतं सगळे दमले. राग धरून बसायला पाठ शाबूत लागते.

बर्फखान्याचं नाव आलं. मी हात वर केला. त्याने आकडा बरोबर सांगितला.

यादी संपली. बाईंनी विचारलं की कुणाचं राहिलं आहे का. मी शपथ घेऊन सांगतो, मी तिथे गप्प बसायचं ठरवून गेलो होतो. पण उठलो. म्हणालो, राहिलंय. माझ्या थोरल्या बहिणीचं. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं काम करून साठवलेली ठेव, नोव्हेंबरात दिलेली. जावई म्हणाला, आईंनी शपथ घातली आहे. मी म्हणालो, शपथ तुम्हाला घातली, मला नाही. लिहा. अडाणी म्हणून दिले नाहीत तिने, आई म्हणून दिले, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याने लिहिलं. एकशे तेरावं नाव. वाचलंही, सगळ्यांचं वाचलं तसंच.

सगळ्या रांगांतली डोकी माझ्याकडे वळली. इतके दिवस जो तो म्हणत होता की घरच्यांनी आपलं काढून घेतलं. नंतर जनरेटरवाला माझ्याजवळ आला. माफी वगैरे मागितली नाही. खुर्च्या घडी करायला लागला. सत्तर-ऐंशी खुर्च्या त्याने रचल्या आणि जाताना म्हणाला की तुमच्या कचेरीतला पंखा फार आवाज करतो, येऊन बघतो कधीतरी.

मिळायचं म्हणशील तर शेकडा नऊ, तेही दीड-दोन वर्षांनी. बाईंनी स्पष्टच सांगितलं.

म्हणून मी ठरवलंय. पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीला बर्फखाना तीन वर्षांसाठी गोदाम म्हणून देतोय. भाड्यातून छपराचा हप्ता भागेल. वायरमनला ते ठेवून घेतील. मावशीला नाही म्हणाले, त्यांची झाडायची यंत्रं आहेत. तिने दवाखान्यात काम धरलंय, पगार माझ्यापेक्षा बरा आहे, हे तिनेच मला सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. एक तारखेला किल्ली देतो. तू विश्वासाने हवाली केलेली वास्तू मी धड चालवू शकलो नाही, हे मला तुझ्यासमोर उभं राहून सांगता आलं नसतं. म्हणून पत्रात.

तुझं नाव घेतलं म्हणून चिडली असशील. चीड, पण लिही.

तुझा
धाकटा


ता. ३१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चिडले. दोन दिवस चिडले. वरच्या मास्तरांच्या कुत्र्यालासुद्धा ओरडले, ते बिचारं बावचळून गेलं. एकशे बारा लोकांसमोर माझ्या ठेवीची दवंडी पिटायला तुला कुणी सांगितलं होतं? मग तिसऱ्या दिवशी तुझं पत्र पुन्हा वाचलं, ‘आई म्हणून दिले’ इथपर्यंत आले आणि चष्मा काढून ठेवला.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे जरा जास्तच मोठ्याने वाचलं असावं. जावई सगळं ऐकून उठला आणि भांडी घासायला गेला. चिमी तशीच बसून राहिली. मग उठली, फडकं घेतलं आणि त्याने घासलेली भांडी पुसायला लागली. दोघं दोन महिन्यांत एका मोरीपाशी उभे राहिले नव्हते. यातून काय निघेल ते मला सांगता येणार नाही. तिने कामाजवळच खोली बघितली आहे, एकटीसाठी. पुढच्या महिन्यात जाणार म्हणते. नवऱ्याला सोडलं का, विचारलं तर म्हणाली, आई, मला आधी झोप पुरी करू दे.

त्याला कागदाच्या कारखान्यात गठ्ठे मोजायचं काम मिळालंय. पहिला पगार आला की त्यातलं थोडं शौचालयवाल्याला पाठवतो म्हणत होता. मी विचारलं, त्यालाच आधी का? तर म्हणाला, तो सगळ्यांत म्हातारा आहे. बाईंना विचारल्याशिवाय कुणा एकाला असं देता येत नाही म्हणे. तेही विचारून येणार आहे.

आणि बर्फखान्याचं. अरे, चालव म्हणाले होते, त्याला बांधून घे म्हणाले नव्हते. सव्वीस वर्षं चालवलंस. वडिलांचा बर्फ एकोणीस वर्षंच चालला होता. मी मोजून काढलं. तू माझ्यापुढे उभा राहून सांगितलं असतंस तरी मी हेच म्हटलं असतं, फक्त तुझ्या केसांचा रंग बघून आणखी चार गोष्टी म्हटल्या असत्या.

आता तुला राखण करायला काही उरलेलं नाही. तेव्हा ऊठ आणि आठ-पंधरा दिवस इकडे ये. खोली मात्र मागचीच मिळेल, आणि ती रिकामी नाही. एक खाट आहे आणि एक गादी. मी मध्ये पडणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

येतोस की नाही ते कळव. आशीर्वाद इथे आल्यावर देईन, पत्रातून फुकट गेले फार.

अक्का


ता. ४ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

एक तारखेला किल्ली दिली. पार्सलवाल्यांच्या माणसाने पावती लिहून दिली, ‘किल्ल्या, नग चौदा’. मी तिथेच जरा वेळ उभा राहिलो, मग वायरमन म्हणाला, चला, चहा घेऊ. घेतला.

शनिवारच्या दुपारच्या गाडीने येतोय. सामान फार नाही. चिमीला म्हणावं, मामा उपदेश करणार नाही, तिने निवांत झोपावं.

जावयाशी काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. गाडीत चार तास आहेत, काही सुचलं तर बोलेन, नाही तर नाही. एवढं एक मात्र त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे दारात घोळ नको. खाट माझी.

तुझा
धाकटा